गळ्याचं माप

नाही, नाही घेणार मी ही पँट आत, आणि ह्या शर्टाची कॉलरही नाही करणार सैल. शनिवारी तुमचा निरोप समारंभ आहे — कळलं, दोनदा सांगितलंत. तीस वर्षं शाळेतल्या पोरांना गप्प बसवलं असेल तुम्ही सर, पण माझ्या दुकानात मी बोलणार. मान वर करा. हं, बघा! कंबर तीन इंच कमी आणि गळा? गळा अर्धा इंच जास्त. डाएट करताय म्हणे! कसलं हो हे डाएट, कमरेचं घालवतं आणि मानेला चढवतं? माणूस वाळला की मान आधी वाळते. सत्तावीस वर्षं पुरुषांचेच कपडे शिवतेय मी, मला नका शिकवू.

हसू नका. इथे, कानाखाली ही गाठ — दाबली तर दुखते? नाही ना? म्हणूनच निवांत आहात. दुखली असती तर त्याच दिवशी धावला असतात. आता घाबरायचंही कारण नाही, दाढ सुजली, घसा धरला तरी येते गाठ, बहुतेकदा तेवढंच असतं, पण ती दोन-तीन आठवड्यांत उतरते. ही कधीपासून आहे? सहामाही परीक्षेपासून! आणि झोपेत घाम येतो का — साधा नाही, अंगातला शर्ट बदलावा लागेल असा? मान खाली घातलीत, म्हणजे येतो. संध्याकाळी कसकस? खाज? जिना चढताना थांबता? वय झालं म्हणे... सगळ्याला वय पुरतं बरं तुम्हाला.

डॉक्टर नाही मी, मान्य. सातवी नापास. पण लिम्फोमा, ह्या असल्या गाठींचा कॅन्सर, हा शब्द मला झोपेतून उठवून विचारा. आमचे हे त्या खिडकीपाशी बसून काजं-बटणं करायचे. त्यांचीही कंबर अशीच उतरत गेली, आणि मी काय केलं? मी पँट आत घेतली. महिन्याने पुन्हा घेतली. खांदे उतरले, तर शर्टाचे खांदे उतरवले. काखेत गाठ आली, मी बाही सैल केली! इतकी सफाई होती माझ्या हातात — सासूबाई म्हणायच्या, पोरगा कसा टापटीप दिसतो. सहा महिन्यांत अकरा किलो गेले त्या माणसाचे आणि एकाच्याही लक्षात आलं नाही, कारण कपडे अंगावर अगदी बेतल्यासारखे बसत होते. आजार त्यांचा होता, झाकला मी.

एकदा तर ते... जाऊ दे. नाही, तोंडातून निघालंच आहे तर ऐका. एकदा म्हणाले, कॉलर आवळते गं, दाखवू का डॉक्टरला? आणि मी, दातात सुई धरून, म्हटलं — डॉक्टर कशाला, मी आहे की! बटण सरकवून दिलं. हे कुणाला बोलले नव्हते मी. मुलीलासुद्धा नाही. ती म्हणते, बाबाच हट्टी, जायलाच तयार नसायचे. आणि मी गप्प ऐकून घेते. दोन वर्षं झाली त्यांना जाऊन, अजून ऐकून घेते.

पाणी नको मला. बसा तुम्ही. तुमचं तर अजून वेगळंच — बहिणीने किडनी दिली ना तुम्हाला? पोटाच्या उजव्या अंगाला ते टाके, म्हणून तर पट्टा तिथे सैल ठेवते मी. ती किडनी टिकावी म्हणून रोज गोळ्या घेता, प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या. दवाखान्यात ह्यांच्या शेजारच्या खाटेवर तसाच एक माणूस होता. डॉक्टर त्याला म्हणाले, ह्या गोळ्यांवर असणाऱ्याला हा धोका जास्त, गाठ दिसली की लगेच यायचं. पण म्हणून गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करायच्या नाहीत हां! फक्त दाखवायचं. हा आजार कुणाच्या रक्ताच्या नात्यात असतो, कुणाला जुना विषाणू भोवतो, आणि ह्यांच्यासारख्याला कसलंच कारण नसतं. तो शेजारचा वेळेवर आला होता. बरा झाला. परवा भाजी घेताना दिसला, चांगला पोट सुटलेला. इतका राग आला मला त्याचा, काय सांगू.

बहिणीला काय सांगणार आहात? तिने पोट फाडून दिलं आणि तुम्ही टेलरकडे जाऊन कॉलर सैल करून घेतली, असं?

घ्या ही पँट. हा शर्टही घ्या, टाकासुद्धा घालणार नाही मी. दुसरा टेलर देईल करून? देऊ दे. पण त्याच्या आधी, आत्ता, सरळ डॉक्टरकडे — मान उघडी करून दाखवायची, घाम सांगायचा, वजन सांगायचं, गोळ्यांची चिठ्ठी समोर ठेवायची. आणि शनिवारी ह्याच ढगळ कपड्यांत जा. दिसू दे गबाळं. चार माणसांना विचारू दे, सर, तब्येतीला काय झालं? आमच्या ह्यांना कुणी विचारलंच नाही हो.

मशीन सुरू करतेय मी. आता मला तुमचं काही ऐकू येणार नाही. निघा.