काकूंनी दळून दिलेली डबी

मी नागपूरच्या लॅबमध्ये करतो काय, तर पावडरी ओळखतो. भुकटीवर एक्स-रे सोडले की रेषांची एक ठेवण मिळते. ती संगणकात साठवलेल्या हजारो पदार्थांच्या ठेवणींशी ताडून बघायची. जुळली की नाव सापडतं.

तर शेलूबाजारच्या आमच्या काकांना संशय आला, की दुकानदारानं बुरशीनाशक बनावट दिलं. मी सांगितलं, "त्याचे दाणे पिठासारखे बारीक करून डबीत पाठवा."

डबी आली. तपासलं, तर पहिलंच नाव साखरेचं. एकूणएक रेष जुळली. मी लगेच काकांना फोन लावला.

"मले वाटलंच," काका म्हणाले. "आता त्याच्याच दुकानापुढं या पुड्यातली साखर टाकून चहा करतो अन् सगळ्यायसमोर पिऊन दाखवतो."

मागून काकूंचा आवाज आला. "अवो, पिऊ नका. पुड्यात औषीदच हाय."

मग त्यांनी फोनच हातात घेतला. "तुह्या काकानं ते जहर मिक्सरात बारीक कराले सांगतलं. ज्यात मी चटनी वाटतो, त्यात जहर घालू काय? साखर दळली अन् देली डबीत भरून. दोनी पांढरंच."

"काकू, मले सांगाचं तं होतं. काका आज पेले असते ना."



"पन काहून रे," त्या म्हणाल्या, "तुह्या मशीननं वळखली कशी? म्या तं एकदम बारीक दळली होती."