गावाला इंग्रजी येते, असं मी सांगितलं होतं

मंडळी, आज सुमनबाईंच्या शोकसभेला विहारात पाय ठेवायला जागा नाही. तुम्ही माईक माझ्या हाती दिला. बसलो तरी जीव थाऱ्यावर नाही, उभा राहिलो तरी नाही. म्हणून जे टोचतं तेच बोलतो.

सुमनबाई आपल्या अंगणवाडीच्या मदतनीस. शाळा सातवीपर्यंत. पण गावातला प्रत्येक इंग्रजी कागद त्यांच्या ओट्यावर यायचा. औषधाची चिठ्ठी असो की कॉलेजचा फॉर्म. शब्दकोश मांडीवर, बोट ओळीवर. मी म्हणायचो, "बाई, काऊन एवढा तरास घेता?" त्या म्हणायच्या, "भाऊ, कागद दुसऱ्याचा हाय, पण त्याच्यात जीव अटकला राह्यते ना कोनाचा!"

दोन वर्षांमागे वर्ध्याच्या सरकारी ऑफिसातून सर्वेवाली पोरं आली होती, आठवते ना? घरात कोणती भाषा बोलता? इंग्रजी किती येते? मी माजी सरपंच, त्यांच्यासोबत फिरलो. पहिल्याच घरची पोरगी म्हणाली, "घरी वऱ्हाडी. इंग्रजी नाई येत." मला लाज वाटली. मग मी पुढं पळत घरोघर सांगितलं, "चांगली येते म्हना बाप्पा, गावाची इज्जत हाय!" तुम्हीही म्हणालात, "हो हो, इंग्रजी फस्कलास येऊन राह्यली आमाले!" लिहिणारा पोरगा हसला. पण लिहून घेतलं.

पुढं काय झालं? ज्या गावांना इंग्रजी येत नाही, त्यांना संध्याकाळचा इंग्रजीचा वर्ग मिळाला. शेजारच्या गावाला मिळाला. आपल्याला नाही. कागदावर आपलं गाव साहेबांचं!

सुमनबाई भर चौकात म्हणाल्या, "भाऊ, इज्जत झाकाले गेलते, पोरींची वाट अडवून आले!" खोटं होतं का ते? आपल्या दोन पोरी नर्सिंगला गेल्या. पहिल्याच इंग्रजी पुस्तकाशी अडल्या, अन् घरी परत आल्या.

बाईंनी वर्ध्याच्या त्याच ऑफिसात द्यायला अर्ज लिहिला. माहिती चुकीची दिली, आम्हाला वर्ग द्या. सांगणारा मीच, म्हणून त्यावर सही माझी हवी होती. चारदा माझ्या दारी आल्या. मी म्हणायचो, "पोळा होऊ द्या." पोळा झाला. "दिवाळी होऊ द्या." दिवाळी झाली. मग बाई आजारी पडल्या, दवाखान्यात भेटायला गेलो तर खाटेवरून विचारलं, "सही झाली काय?" मी म्हणालो, "तुम्ही बऱ्या व्हा, मंग पाहू."

काय बोललो मी! मरणाऱ्या माणसाला कोणी वायदा देतं का?

त्यांच्या लेकीनं, प्रज्ञानं, आज सकाळी तो अर्ज माझ्या हातात ठेवला.

तर ऐका सारे. मले इंग्रजी येत नाई. एक ओळ येत नाई. मी खोटं सांगितलं, अन् तुमच्याकडून वदवून घेतलं. ही घ्या, सही केली.

आता हा कागद तुमच्यात फिरेल. माझ्या सांगण्यावरून ज्यांनी "येते" म्हटलं, त्यांनी खाली नाव लिहा. अंगठाही चालेल. लाजू नका, मी लाजलो तेवढं पुरे झालं. शेवटचं नाव पडलं की प्रज्ञा खूण करेल. मग आपण उभे राहू. अन् बाईंसाठी दोन मिनिटं, कोणत्याच भाषेत कोणी काही बोलायचं नाही.