चंदेरी अस्तराचा खिसा

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे पाहुणे, ज्यांना निरोप द्यायला जमलो ते आपले साउंडवाले, त्यांच्या सौभाग्यवती आणि समोरची सगळी नाटकमंडळी, सर्वांना नमस्कार. मी कपडेपटातली आजी. चौथी पास, तीही ढकलून. मला माईक दिलात, केवढा आनंद झालाय म्हणून सांगू! आता तो परत घेणं तुमचं काम.

साउंडवाल्यांनी नऊ वर्षं सामानाची खोली सांभाळली, असं मघाशी व्यवस्थापक म्हणाले. त्याआधी ते रंगमंचाचा आवाज सांभाळायचे, हे सांगायचं कसं बरं राहिलं?

माझी नात तेव्हा पहिल्यांदाच मुख्य भूमिकेत गाणार होती. झगा मी शिवला. गळपट्टी तीनदा उसवली, पण काय देखणा झाला! असो. हल्ली गाणाऱ्याच्या कानात बोंडं असतात आणि कमरेला डबी. वाद्यांचा आवाज बिनतारी येतो. त्या डबीसाठी मी आतून खिसा केला, उरलेल्या चंदेरी कापडाचा. खरी तार होती हो त्यात! आतलं कोण बघणार? पण माझी हौस.

तालमीत डबी साध्या पट्ट्याला असायची, सगळं छान. प्रयोगाला झगा चढला आणि कानात खरखर सुरू. मध्येच आवाज गुडूप. साउंडवाल्यांनी काय करायचं बाकी ठेवलं? मध्यंतरात बॅटऱ्या बदलल्या, बोंडं बदलली, डबी बदलली, फ्रिक्वेन्सी बदलली, यंत्राची अँटेना पार पुढे आणली. तरी नात दोनदा बेसूर झाली. व्यवस्थापक सगळ्यांदेखत म्हणाले, "तुमचेच कान गेलेत आता!"

दुसऱ्या दिवशी सकाळी साउंडवाले कपडेपटात आले. झगा खांद्यावर टाकला, बोंडं स्वतःच्या कानात घातली आणि फिरत राहिले. डबी खिशात, की खरखर. बाहेर काढली, की लख्ख.

"आजी, हे अस्तर तारेचं?"

"हो. शोभतं ना?"

"शोभतं. पण डबीची अँटेना आत कोंडली."

"अगं बाई! मग सांगा की व्यवस्थापकांना."

"मी सांगितलं तर सबब वाटेल. तुम्ही सांगा."

सांगते, म्हटलं. खिसा उसवून सुती लावला. पुढच्या प्रयोगाला आवाज स्वच्छ! पण तोवर साउंडवाल्यांची रवानगी सामानाच्या खोलीत झाली होती, यंत्रावर नवा माणूस बसला होता, वाहवा त्याची झाली. मी गेले होते हो व्यवस्थापकांच्या दारापर्यंत. ते म्हणाले, "या आजी, झग्याचं फार कौतुक होतंय." झालं, कौतुक पदरात घेऊन तशीच परत फिरले. मग आज सांगू, उद्या सांगू. साउंडवाले रोज भेटायचे, गुडघे कसे आहेत विचारायचे. त्या गोष्टीचा चकार शब्द नाही.

तर अध्यक्ष महोदय, मानपत्रात एवढी एक ओळ घाला: त्या प्रयोगातली चूक साउंडवाल्यांची नव्हती, आजीची होती. ज्याचं अक्षर चांगलं असेल त्याने लिहावं.

बोलू दिलंत, आभारी आहे. लांबले, घसरले, ते पोटात घाला. साउंडवाले, तुमची माफी मात्र मी इथे मागत नाही. चारचौघांत तुम्हाला 'असू दे, आजी' म्हणावंच लागेल. उद्या सकाळी घरी येते. मनात असेल ते बोला.