लोहगडवाडीचा चढ

दोन हजार अठराचा हिवाळा. लोहगडवाडीच्या चढावर मी मोटारसायकलवरून माझ्याकडे सायकलिंग शिकणाऱ्या नजमावर ओरडत होतो, "जड गियर टाक!"

ती उतरली. "आबा, गियरची सायकल कधी चालवलीय का तुमी?"

"न्हाई." माझा जन्म दुधाच्या किटल्या अडकवलेल्या साध्या सायकलवर गेला.

"मग बसा हितं."

अर्ध्या चढात माझे गुडघे भरून आले. तिनं मागून पळत येऊन पाठीला हात लावला. "हलका टाका, आबा. माझे बी रोज असंच दुखतात."

मी मोटारसायकल सोडून गियरची सायकल घेतली. त्या दिवसापासून मी खरा कोच.

गेल्या हिवाळ्यात, बाळंतपणानंतर, नजमा त्याच चढाखाली थांबली. "आबा, आता जमायचं न्हाई."

"बस सायकलवर."

मी माझ्या सायकलचा हलका गियर टाकला आणि माथ्यापर्यंत तिच्या पाठीवरचा हात काढला नाही.