चाळिसाव्या पानावर मेलेला शिपाई

परंड्याच्या स्टँडवर शारदा मास्तरीणबाई भूमच्या गाडीची वाट बघत बसल्या होत्या. बाजूला जिल्दसाजाची बायको कुलसुमबी, मांडीवर नव्या जिल्दीची कादंबरी घेऊन, शेजारीण लीलाबाईला काही सांगत होती. कादंबरी ओळखीची निघाली, तशा शारदाबाई सावरून बसल्या.

"लढाईची हाय. भूमच्या वाचनालयातनं जिल्दीला आली. आत चिठ्ठी होती, पानं उलटसुलट लागलीत, नीट लावून द्या."

"मग लावली?"

"पानांचे आकडे नीट हायत, पर छापखान्यानंच घोळ घातला असंल म्हणून आमच्या मालकांनी टाके उसवायला सुरी काढली. शिपाई चाळिसाव्या पानावर मरतो आन् दोनशेव्या पानावर चहा पितो. म्या म्हणलं, थांबा, आधी सगळी वाचून दाखवा."

"तुमाला कळली?"

"तीनदा ऐकली. आमचा भाऊ गफार बर्माच्या लढाईतनं आला, तो कसं सांगायचा? आधी दोस्ताला पुरलेलं, मग त्याच्यासंगं खाल्लेला भात, मधीच परत गोळी. त्याला कुणी म्हणलं का, नीट लावून सांग?"

"न्हाय."

"मग? एक टाका उसवू दिला न्हाय म्या. मला अक्षर येत न्हाय लीलाबाई, पर पुरी कळली."

"आन् ती चिठ्ठी?"

"ठिवलीय आत. ज्यानं लिहिली त्याला दाखवणार हाय."

गाडी लागली. शारदाबाई आत कुलसुमबीच्या शेजारीच जाऊन बसल्या.

"चिठ्ठी माझी आहे," त्या म्हणाल्या. "भूम येईपर्यंत मला समजावून सांगा. पहिल्यापासनं."

"पहिल्यापासनं न्हाय, बाई. चहापासनं सांगते."