खेकड्यांचा ओढा

त्या दिवशी मुलुंडला पाऊस नुसता भुरभुरत होता, छत्री उघडावी की नको असा. शेजारची मंदा जुन्या ओढ्या-तळ्यांवरचं पुस्तक घेऊन आली. दुसऱ्या दिवशी ती तळमजल्याच्या नव्या फ्लॅटच्या कागदांवर सही करणार होती. तो फ्लॅट पुस्तकातल्या नकाशात कुठे येतो, ते तिला मला दाखवायचं होतं. मला वाचता येत नाही, पण चित्र कळतं. मी पुस्तक आडवं फिरवलं.

“आबा, असं नाही धरायचं,” ती हसली.

“अगं, पाणी डोंगरावरून खाली येतं ना? मग डोंगर वर नको?”

डोंगरापासून निळ्या रेघेवरून मी सावकाश बोट खाली आणलं आणि देवळामागच्या वळणावर थांबलो.

“हा आमचा ओढा. इथे मी खेकडे पकडायचो. देवळामागची ती तुझी नवी बिल्डिंग याच्यावरच आहे.”

“बिल्डर म्हणाला, इथे पाणी भरत नाही.”

“तो तेव्हा जन्मला तरी होता का?”

मंदाने चहा तसाच ठेवला, बिल्डरला फोन लावला आणि नाही म्हणून सांगितलं. मग पुस्तक पुन्हा माझ्या मांडीवर ठेवत म्हणाली, “आबा, आता एकदाच सांगून टाका, अजून कुठे कुठे खेकडे पकडलेत?”