नावाड्याचे बावन्न सेकंद

आजच्या समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावर विराजमान असलेले आपल्या रेडिओ केंद्राचे माजी संचालक, ज्येष्ठ निवेदक मंडळी, आजच्या सत्कारमूर्ती, म्हणजे चौतीस वर्षं आपला ध्वनिसंग्रह सांभाळून आज निवृत्त होणाऱ्या आणि आपल्या सगळ्यांना केवळ ‘फीतबाई’ म्हणून ठाऊक असलेल्या बाई, त्यांचे यजमान, त्यांची कन्या, आणि समोर बसलेले माझे सहकारी, श्रोते व निमंत्रित बंधुभगिनींनो,

माइक आमच्याच विभागाचा आहे, त्यामुळे तो मध्येच रुसला तर दोष माझा. अध्यक्षांनी आत्ताच फार सुंदर सांगितलं, की आजचं जग इतिहासाने आणि तंत्रज्ञानाने मिळून घडवलं आहे. मी तंत्रज्ञानाच्या बाजूचा माणूस, बाई इतिहासाच्या. तेव्हा आम्ही दोघांनी मिळून काय घडवलं, हे सांगण्याची जबाबदारी ओघानेच माझ्यावर येते. गोड बोलून खाली बसावं असा मोह होतो आहे. पण ते जमणार नाही.

मी इथे लागलो तेव्हा तेवीस वर्षांचा होतो. पहिल्याच आठवड्यात खांद्यावर केबलचं वेटोळं घेऊन संग्रहाच्या खोलीत घुसलो, तर आतून आवाज आला, “अरे, चपला बाहेर! धूळ फितींच्या उरावर बसते.” ही आमची पहिली ओळख. त्या खोलीत चार हजारांवर ध्वनिफिती होत्या आणि प्रत्येक फितीचं एक कार्ड होतं. बाई प्रत्येक फीत पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायच्या आणि कार्ड लिहायच्या. कोण बोललं, कशाबद्दल बोललं, कुठे खोकला आला, कुठे माणूस गप्प झाला. गप्प झाला तर किती सेकंद, हेसुद्धा. आम्ही तरुण मंडळी त्यांची चेष्टा करायचो. बाई मौनाचाही हिशेब ठेवतात म्हणायचो. त्यांना ते ऐकू जायचं. त्यांच्या कानातून काय सुटणार?

पुढे मी तांत्रिक विभागाचा प्रमुख झालो आणि सगळा संग्रह संगणकावर घेण्याचं काम माझ्याकडे आलं. मी ते दोन वर्षांऐवजी नऊ महिन्यांत उरकलं. कसं उरकलं? आवाज स्वच्छ करणारी एक प्रणाली आणली होती. खरखर काढायची, घोंघाट काढायचा, आणि दोन सेकंदांहून लांब शांतता सापडली की तीही काढायची. तो शेवटचा पर्याय मी स्वतः निवडला. कोणी सांगितलं नव्हतं. त्याने जागा वाचत होती आणि ऐकणाऱ्याचा वेळही वाचत होता.

बाई कार्डांचा एक गठ्ठा घेऊन माझ्या टेबलापाशी आल्या. म्हणाल्या, “अरे, हे बघ. यांवर मी ‘कापू नये’ लिहिलंय.” मी काय म्हणालो, ते मला शब्दशः आठवतं. मी म्हणालो, “बाई, शांतता ऐकायला कोण बसणार आहे?” आजूबाजूचे हसले. मीही हसलो. बाई गठ्ठा उचलून निघून गेल्या.

काम संपलं तेव्हा मूळ फिती चुंबकाने पुसून भंगारात दिल्या गेल्या, कारण यंत्रांसाठी खोली रिकामी हवी होती. त्या आदेशावर सही माझी. आणि त्याच महिन्यात, याच व्यासपीठावर, बहुधा याच खुर्चीत बसवून, माझा सत्कार झाला. टाळ्या वाजल्या. बाईंचं टेबल तोवर जिन्याखाली गेलं होतं.

यानंतरची हकिगत इथे फार थोड्यांना ठाऊक आहे.

नदीत नाव बुडाल्याच्या दुर्घटनेला चाळीस वर्षं झाली, तेव्हा आपण आपल्या संकेतस्थळावर जुन्या मुलाखतींचे तुकडे टाकले. त्यांत त्या नावेच्या नावाड्याचा एक तुकडा होता. मुलाखतकार विचारतो, “नावेत ठरल्यापेक्षा जास्त माणसं होती, हे तुम्हाला माहीत होतं?” आणि नावाडी म्हणतो, “होतं.” लगेच. तोंडावर मारल्यासारखं. दोन दिवसांत लाखो लोकांनी ते ऐकलं. लोकांनी काय लिहिलं ते मी इथे वाचून दाखवत नाही. ‘याला लाज कशी वाटली नाही’, हे त्यातलं सगळ्यात सौम्य.

तिसऱ्या दिवशी नावाड्याची मुलगी केंद्रात आली. शिवणकाम शिकवणाऱ्या बाई, वय पन्नाशीच्या पुढे. खांद्याला पिशवी, पिशवीत मोजपट्टी तशीच लोंबत होती. वर्गातून उठून आल्या असाव्यात. वडील वारून बरीच वर्षं झाली होती. म्हणाल्या, “माझे बाबा असं बोलले नव्हते हो. मी तिथे होते. मी अकरा वर्षांची होते, त्यांच्या शेजारी बसले होते. रेकॉर्डिंगचा लाल दिवा विझेपर्यंत बोलायचं नाही, असं मला सांगितलं होतं. त्या प्रश्नाला बाबा इतका वेळ गप्प बसले, की मला वाटलं दिवा विझला आणि मलाच दिसला नाही. मग ते बोलले. तुम्ही ते मधलं कुठे टाकलंत?”

आपल्या फीतबाईंनी कपाटातून कार्ड काढलं आणि त्यांच्या हातात दिलं. त्यावर लिहिलं होतं, ‘प्रश्नानंतर बावन्न सेकंद शांतता. श्वास ऐकू येतो. कापू नये.’

बंधुभगिनींनो, बावन्न सेकंद गप्प बसून ‘होतं’ म्हणणारा माणूस वेगळा आणि पटकन ‘होतं’ म्हणणारा वेगळा. पहिला आयुष्यभर त्या एका शब्दाखाली दबून गेला असेल. दुसरा मी तयार केला, माझ्या टेबलावर बसून, एक खूण करून. आणि इतिहास म्हणून आता दुसराच शिल्लक आहे.

तेव्हाही माझी हुशारी संपली नव्हती. मी म्हणालो, “त्यात काय! बावन्न सेकंदांची रिकामी जागा मध्ये घालून देतो, पाच मिनिटांचं काम.” बाई म्हणाल्या, “घालशील रे. पण त्यात तो माणूस नसेल.” नावाड्याच्या मुलीने मान हलवली आणि मूळ फीत मागणारा अर्ज लिहून दिला.

त्या अर्जाला उत्तर मी लिहिलं. ‘मूळ ध्वनिफीत कालौघात जीर्ण होऊन नष्ट झाली आहे, याबद्दल केंद्र दिलगीर आहे.’ किती भारदस्त वाक्य! काळावर ढकललं की बरं असतं, काळ उलट बोलत नाही. टपालात टाकायला दिलेलं ते पत्र बाई परत घेऊन आल्या. म्हणाल्या, “अरे, तेवढा ‘कालौघात’ शब्द बदल. ती फीत चांगली ठणठणीत होती.” मी म्हणालो, “बाई, कार्यालयीन भाषा आहे ही.” त्या म्हणाल्या, “बरं, साहेब. पाठवते.”

तोवर तेवीस वर्षं मी त्यांचा ‘अरे’ होतो. त्या दिवशी ‘साहेब’ झालो. लोक याला बढती म्हणतात. मला अजून सलतं.

नंतरची तीन वर्षं बाईंनी जिन्याखालच्या टेबलावर बसून एकच काम केलं. प्रत्येक मुलाखतीच्या आरंभी स्वतःच्या आवाजात नोंद घातली, की इथे अमुक सेकंद शांतता होती, ती आता उरलेली नाही. का उरली नाही, कोणामुळे, हे एकाही नोंदीत नाही. त्या सांगू शकल्या असत्या. आम्ही अडवलं नसतं. आठशेच्या आसपास नोंदी झाल्या, उरलेल्या राहिल्या. त्या आता कोण करणार, मला माहीत नाही. कार्डं वाचता येणारे आहेत. तसं ऐकणारं कोणी राहिलेलं नाही.

आजच्या निमंत्रितांच्या यादीत एक नाव बघून मी बाईंना विचारलं, “या कशा?” उत्तर मिळालं, “निरोप समारंभ माझा आहे, साहेब. पाहुणे मी ठरवणार.”

त्या पाहुण्या तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. ताई, आपल्याला आलेल्या पत्रातलं ते वाक्य खोटं होतं. फीत जीर्ण झाली नव्हती. ती मी पुसायला लावली, आणि त्याआधी आपल्या वडिलांचे बावन्न सेकंद मी कापले. ते गप्प बसले होते. आपल्याला जे आठवतं तेच खरं आहे. हे मी एकट्याने आपल्या घरी येऊन सांगायला हवं होतं, पण खोटं सगळ्या जगाने ऐकलं, म्हणून खरंही चारचौघांत सांगतो आहे. तसं लिहून दिलेलं पत्र माझ्या खिशात आहे. सही माझीच आहे.

बाई, आपल्या कामाबद्दल केंद्राच्या वतीने आभार मानण्याची माझी पात्रता नाही, तरी मानतो. अध्यक्षांचे, संयोजकांचे आणि इतका वेळ ऐकून घेणाऱ्या आपणा सर्वांचे आभार. समारंभाला न शोभणारं काही बोललो असेन, कोणाचा उल्लेख राहून गेला असेल, तर सभागृहाने मोठ्या मनाने पोटात घालावं. तिसऱ्या रांगेतल्या ताईंकडे मात्र मी वेगळी क्षमा मागतो. ताई, उत्तर लगेच देऊ नका. हवा तेवढा वेळ घ्या.

मी थांबतो.